पाणी पाहून होडी घ्यावी
(ठाण्याच्या खाडीपासून कल्याणच्या वरच्या नदीपर्यंत)

ठाणे जिल्ह्यातल्या नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या गावांतून हल्ली एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. ठाण्या-डोंबिवलीत नोकरीला असलेला मुलगा सुट्टीला घरी येतो. त्याने कुठेतरी एकट्याने वल्हवायची रंगीत प्लास्टिकची होडी पाहिलेली असते. तो म्हणतो, "बाबा, आपण एक कयाक घेऊ. रविवारी गळ टाकायला बरी." एखाद्या घरी कृषी पर्यटन सुरू झालेले असते, त्यांना ती पाहुण्यांसाठी हवी असते. मग घरची मंडळी विचारतात, घ्यावी का? आणि घ्यायची तर कोणती?

बैल घेताना आपण नुसता रंग पाहत नाही. जमीन भारी की मुरमाड, औत जड की हलके, हे आधी ठरते आणि मग बैल ठरतो. होडीचेही तसेच आहे. आधी पाणी ओळखावे, मग होडी पाहावी. दुकानात सगळ्याच होड्या देखण्या दिसतात. म्हणून पैशाला हात घालण्यापूर्वी ठाण्याहून कल्याणच्या वरपर्यंत पाण्याच्या कडेकडेने एक फेरी मारून येऊ.

ठाणे : चिखल आणि ओढ

ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा रेल्वे येण्याच्या फार आधीपासूनचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि वर्षभराने, १ मे १८५४ रोजी, रूळ खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोचले. त्यापूर्वी या भागातली मालाची मोठी ने-आण पाण्यातूनच होत असे.

या खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. भरतीला जिथे होडी सहज तरंगते, तिथे सहा तासांनी गुडघाभर किंवा कंबरभर चिखल असतो. त्या चिखलातून होडी ओढत किनाऱ्यावर येणे धडधाकट माणसालाही जमत नाही. कोळी बांधवांच्या लहान होड्या नीट पाहा. पूर्वी त्या लाकडाच्या असत, आता बहुतेक फायबरच्या झाल्या आहेत. पण तळ रुंद आणि पाण्यात कमी बुडणारा, ही ठेवण कायम आहे. कारण पाणी तेच आहे.

भरतीची वेळ काढायला शेतकऱ्याच्या घरात पंचांग असतेच. कोकणपट्टीतला जुना ठोकताळा असा : तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता आणि पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब समुद्रकिनाऱ्याचा आहे. खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोचते. म्हणून ठोकताळ्यावर न थांबता छापील तक्ता पाहावा आणि त्या गावच्या कोळ्यालाही विचारावे.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाण्याची ओढ मोठी असते आणि सकाळी सहाच्या सुमारास खाडी रिकामी असते. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी कमी चढते-उतरते आणि ओढ मंद असते. नवशिक्याने खाडीत उतरायचेच तर भांगाचे दिवस धरावेत. साधा माणूस वल्हे मारून ताशी चार-पाच किलोमीटर जातो. उधाणाच्या ओहोटीत पुलाच्या खांबांजवळ आणि चिंचोळ्या जागी पाणी त्याच्या तोडीस तोड धावते. अशा वेळी कितीही वल्हवले तरी होडी जागची हलत नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. ऐरोलीपासून वाशीच्या पुलापर्यंतच्या खाडीत १६९० हेक्टरांचे रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आहे, आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आहे. वन विभागाला विचारल्याशिवाय तिकडे होडी घालू नये. खारफुटी तोडून वाट करणे हा तर गुन्हाच आहे.

मुंब्रा ते डोंबिवली : दिसते तसे नसलेले पाणी

लोकलने कळव्याहून मुंब्र्याकडे जाताना एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी लागते. पुढे दिवा, कोपर, मोठागाव. मोठागावाहून माणकोलीकडे जाणारा पूल २०२४ साली खुला झाला. त्यावरून पाहिले तर पाणी संथ, ताटात ओतल्यासारखे वाटते. पण या पट्ट्यात वर्षानुवर्षे रेती उपसली गेली आहे. रेतीबंदर हे नाव त्यावरूनच पडले. उपशाने तळात खड्डे पडतात. चार पावले कमरेइतके पाणी आणि पाचव्या पावलाला डोक्यावर, असे होऊ शकते. होडीतून उतरून चालत जाऊ, हा विचार इथे मनात आणू नये.

दुसरी गोष्ट माशांची. या खाडीत बोय, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी मिळते आणि जिताडा लागला तर त्या दिवशी घरात सण. परंतु कारखान्यांचे आणि गटारांचे पाणीही याच खाडीला मिळते. अंबरनाथ-उल्हासनगरकडून येणारी वालधुनी कल्याणजवळ हिच्यात उतरते. जिथे पाण्याला रंग, फेस किंवा औषधासारखा वास असेल तिथला मासा घरी आणू नये. मुलांना आणि गरोदर सुनेला तर मुळीच देऊ नये. हौस म्हणून गळ टाकला असेल तर मासा पुन्हा पाण्यात सोडावा.

कल्याण : दुर्गाडीचा धडा

कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडी उभी आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीच्या आश्रयाने जहाजे बांधायला सुरुवात केली. मराठी आरमाराचा आरंभ इथला. त्या काळी पोर्तुगिजांची जहाजे मोठी आणि खोल तळाची होती. मराठ्यांनी त्यांची नक्कल केली नाही. आपल्या खाड्या उथळ, म्हणून गुराबा आणि गलबते उथळ तळाची ठेवली. वारा पडला तर गलबत वल्ह्यांवर चाले. शत्रूचे मोठे जहाज जिथे रुतायचे तिथे ती खाडीत शिरत. आरमाराला जे लागू पडले ते रविवारच्या होडीलाही लागू आहे.

कयाकचा जन्मही असाच झाला. ती मूळची उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रावर शिकार करणाऱ्या लोकांची. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचे कातडे. थंडगार पाणी अंगावर येऊ नये म्हणून वरून बंद, आणि ज्याची त्याच्या अंगाच्या मापाने बांधलेली. आपले पाणी कोमट, उथळ आणि गाळाचे. म्हणून तिकडची बंद, अरुंद कयाक चित्रात कितीही छान दिसली तरी आपल्याकडे गळासाठी कामाची नाही.

वरची नदी, धरण आणि शेततळे

भरतीचे पाणी कल्याणपर्यंत चढते. त्याच्या वर शहाड-मोहन्यापासून उल्हास गोडी होते. बोरघाटाच्या अंगाने निघून कर्जत, नेरळ, बदलापूर करीत ती इथे येते. बारवी तिला वाटेत मिळते, भातसा आणि काळू कल्याणजवळ मिळतात. इथे ओढ कमी असते, पण दरवर्षी उन्हाळ्याकडे जलपर्णी पसरते. या हिरव्या गालिच्यात होडी अडकली की वल्हे उचलवत नाही आणि पोहताही येत नाही. जलपर्णी दिसली की तिच्या कडेनेच परत फिरावे.

धरणांत तर विचारल्याशिवाय होडी घालूच नये. बारवी, भातसा ही पिण्याच्या पाण्याची धरणे आहेत. बऱ्याच जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांच्या जाळ्यांवरून आपली हौस नेणे बरे नव्हे.

प्लास्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्यात होडी नकोच. तळ आणि गळ दोन्ही कागद फाडतात. शिवाय ओला कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. गळ काठावरून टाकावा, आणि तळ्याच्या चारी बाजूंना गाठी मारलेले दोर कायमचे सोडून ठेवावेत. होडी घ्या न घ्या, हे दोर या आठवड्यातच बांधा.

होडी पाहताना

आता खरेदीकडे येऊ. पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

बैठक : पाय आत घालून बसायची आणि वर बसायची, अशा दोन जाती आहेत. गळासाठी वर बसायचीच घ्यावी. तिच्या अंगाला आरपार भोके असतात, त्यांतून पाणी निथळते. उलटली तरी ती भरून बुडत नाही आणि बाजूने पुन्हा चढता येते.

रुंदी आणि लांबी : रुंद होडी संथ चालते, पण डुलत नाही. गळाच्या कामाला ३० ते ३४ इंच रुंदी आणि १० ते १२ फूट लांबी पुरे. सिंधुदुर्गाकडे अरुंद होडीला बाजूने उलांडी बांधतात, ती याच कारणासाठी. मासा ओढताना माणूस एका अंगाला झुकतो, तेव्हा रुंदीच कामी येते.

भार : होडीवर किती किलो पेलते हे लिहिलेले असते. त्यातले दोन-तृतीयांशच आपले समजावेत. माणूस ७५ किलो, सामान, पाणी, नांगर आणि मासे मिळून २५ किलो, म्हणजे १०० झाले. तर १५० किलो पेलणारी घ्यावी.

वजन : अशी होडी २५ ते ३५ किलो भरते. युरियाची पिशवी ४५ किलोची असते, त्या मानाने हे हलके. पण पिशवी खांद्यावर बसते, दहा फुटांची होडी बसत नाही. घरापासून पाण्यापर्यंत ती कोण आणि कशी नेणार, हे आधी ठरवा.

माल : छपरावरची काळी टाकी ज्या प्लास्टिकची आणि ज्या रीतीने साच्यात फिरवून करतात, तशाच बहुतेक कयाक बनतात. दगडावर घासली तरी सहसा फुटत नाही. मात्र उन्हात वर्षानुवर्षे पडली की टाकीसारखीच ठिसूळ होते. ती सावलीत ठेवावी. फायबरची हलकी, पण खडकावर तडकते. हवा भरायची होडी घडी करून नेता येते, तरी खाडीतली कालवे चिकटलेली दगडे, खारफुटीचे खुंट आणि आपलाच गळ हे तिघे तिचे वैरी.

पायडल : सायकलसारखी पायाने चालणारी होडी मिळते. हात गळाला मोकळे राहतात हे खरे, पण किंमत बरीच जास्त, आणि गाळ, जाळी, जलपर्णी यांत पाते अडकते. आपल्या पाण्याला साधे वल्हेच बरे. रुंद होडीला दोन्ही टोकांना पाते असलेले २२० ते २४० सेंटिमीटरचे वल्हे घ्यावे आणि ते दोरीने होडीला बांधून ठेवावे.

नांगर : धावत्या पाण्यात नांगराची दोरी होडीच्या बाजूला कधीही बांधू नये, होडी आडवी होऊन उलटते. पुढच्या नाहीतर मागच्या टोकालाच बांधावी, आणि दोरी कापायला एक सुरी हाताशी ठेवावी.

जाकिटाशिवाय होडी नाही

सगळ्यात शेवटी लिहिले, तरी पहिला खर्च जाकिटाचा. तरंगायचे जाकीट ज्याचे त्याच्या वजनाप्रमाणे हवे. बंद आवळून दुसऱ्याने खांद्यापाशी वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर मोठे आहे, परत करावे. पोहता येते म्हणून जाकीट नको, असे म्हणणाऱ्या मुलाला होडी देऊ नये. पाहुण्यांसाठी होडी घेतली असेल, तर जितक्या माणसांना पाण्यावर न्यायचे तितकी जाकिटे हवीत, लहान मुलांच्या मापाचीही.

मग तिला ओळखीच्या, स्वच्छ, कंबरभर पाण्यात न्यावे आणि मुद्दाम उलटवावे. जाकीट घालून पाचदा उलटवून पाचदा चढता आले की मगच गळ हातात घ्यावा. एकट्याने जाऊ नये. निघण्याची आणि परतण्याची वेळ घरात सांगून जावे.

पावसाळ्यात होडी वळचणीला टांगून ठेवावी. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान याच उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. आगगाडीला ज्या पाण्याने थांबवले, त्यात प्लास्टिकच्या होडीचा पाड तो काय!

तेव्हा मुलाला नाही म्हणू नका. त्याला म्हणा, आधी महिनाभर काठावर बसून गळ टाक. भरती कधी येते, ओढ कुठे लागते, जलपर्णी कुठून येते, हे वहीत लिहून दाखव. वही भरली की दोघे मिळून होडी पाहायला जा.