पूररेषा कुठल्या नद्यांवरून काढली?

निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. पण बहुतेक छोट्या नद्यांवर इतकी जुनी मोजणी आहेच कुठे? म्हणून सारख्या स्वभावाच्या नद्यांचा गट करतात, सगळ्यांच्या नोंदी एकत्र धरून अंदाज बांधतात. केंद्रीय जल आयोगाने देशाचे असे २६ उपविभाग पाडलेत. पद्धत योग्यच आहे. माझी धास्ती वेगळी: गट कोण, कशावरून पाडतंय?

कोल्हापूरची पंचगंगा, चिपळूणची वाशिष्ठी. दोघींचं माहेर सह्याद्री. पण पंचगंगा पूर्वेला सपाटीवर पसरते. २०१९ला पाणी कित्येक दिवस हललं नाही. वाशिष्ठी घाटावरून थेट खाली. २२ जुलै २०२१ला काही तासांत बाजारपेठ बुडाली. शिवाय खालून भरती, वरून कोयनेच्या वीजघराचं पाणी. नकाशावर जवळ दिसतात म्हणून एकीचे आकडे दुसरीला लावायचे का?

परवा नदीकाठचा फ्लॅट बघायला गेलो. दाखवणारा म्हणे, "शंभर वर्षांचा पूर येऊन गेला साहेब, आता निवांत!" अहो, ती शक्यता दरवर्षी एक टक्का असते. ३० वर्षांच्या गृहकर्जात साधारण चारात एक! तीही रेषा बरोबर असेल तर.

हरकती मागवल्या की आपण 'रेषा सरकवा' एवढंच लिहितो. यंदा गटातल्या नद्यांची यादी मागा.