मन वाचता येणं ही अमानत आहे

गेल्या वर्षी माझ्या बहिणीचा मुलगा बी.कॉम. झाला आणि पुण्यात फ्लॅट विकणाऱ्या एका ऑफिसात लागला. पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षणाची वही घेऊन माझ्याकडे आला. "खाला, हे तू बी.एड.ला शिकली असशील ना? जरा समजावून सांग." पहिल्या पानावर मथळा होता: भावनिक बुद्धिमत्ता.

मला हसू आलं. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ सालच्या पुस्तकामुळे हा शब्द घरोघरी पोचला. स्वतःच्या भावना ओळखणं, त्यांना आवर घालणं, आतून प्रेरणा मिळणं, दुसऱ्याचं मन समजणं आणि माणसं जोडणं, हे पाच मुद्दे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. भाच्याच्या वहीत मात्र शेवटचे दोनच होते. घरातला निर्णय कोण घेतो ते ओळखा. बाईंची नजर कुठे थांबते ते पाहा. घाई कशाची आहे, भीती कशाची आहे, ते गप्पांतून काढून घ्या.

वाचता वाचता माझं हसू मावळलं. हे सगळं माझ्यावर आधीच वापरून झालं होतं.

२०१८ ची गोष्ट. आम्ही घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं, आणि नाव सांगितलं की "अरेरे, तो फ्लॅट कालच गेला." दोन ठिकाणी तर "सोसायटीचा नियम आहे," असं तोंडावर सांगितलं. माझे पती अशा वेळी काही बोलत नसत. फक्त स्कूटर जरा जोरात चालवत.

मग एका बांधकामाच्या ऑफिसात एक तरुण भेटला. आम्हाला पाहताच उठून सलाम केला. सासूबाईंना, आमच्या अम्मींना, हाताला धरून जिना चढवला. नमुना फ्लॅटच्या खिडकीशी उभा राहून म्हणाला, "अम्मी, तुमची जानमाज इथे. फज्रला उजेड थेट आत येईल." अम्मींचे डोळे भरून आले. आमचेही. इतक्या नकारांनंतर कोणीतरी आम्हाला माणूस समजून वागवत होतं.

व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही, म्हणून आमची बचत रोख आहे, हेही त्याने सहज बोलण्यातून काढून घेतलं. "सोमवारपासून भाव वाढणार," म्हणाला. किंमत ३२ लाख. आम्ही शनिवारीच ८ लाख दिले, साध्या पावतीवर. साठेखत नाही, नोंदणी नाही. पुढे काम थांबलं, तो तरुण नोकरी सोडून गेला. पैसे परत मिळायला अडीच वर्षं लागली, तेही दीड लाख कमी. तोपर्यंत अम्मी गेल्या होत्या. ती खिडकी त्यांना मिळालीच नाही.

चूक आमचीही होती. रेरा कायद्यानुसार साठेखत नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. प्रकल्प नोंदलेला आहे का, ताबा कधी देणार, हे महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतं. मी शिक्षिका असून पाहिलं नाही. ज्याने सलाम केला त्याच्याकडे कागद मागायचे, याचाच संकोच वाटला.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी ही नोकरी सोडू?"

"नको," मी म्हटलं. "समोरच्याचं मन ओळखता येणं ही अल्लाहची देणगी आहे. पण मन उघडं करणाऱ्याने तुझ्याजवळ अमानत ठेवलेली असते." मग त्याला मदीनेच्या बाजारातला तो प्रसंग सांगितला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर आपण (स.) विचारलं की, मग ते लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस? "तुझ्या वहीत जे तीन मुद्दे नाहीत ना," मी म्हटलं, "ते इथे आहेत. स्वतःच्या लोभाला ओळखणं, त्याला आवरणं आणि कमिशनपलीकडचा हेतू ठेवणं."

दोन महिन्यांनी तो रात्री उशिरा आला. एक विधवा बाई फ्लॅट पाहायला आल्या होत्या. नवऱ्याच्या फंडाचे पैसे, दिराच्या घरातून बाहेर पडायची घाई. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांना आवडला. त्या लगेच टोकन द्यायला तयार झाल्या. भाच्याला ठाऊक होतं की गच्ची गळते आणि बेडरूमच्या भिंतीला ओल येते. वरून नुकताच रंग मारलेला होता.

"खाला, मी त्यांना म्हटलं, इथे हात लावून पाहा."

बाईंनी हात लावला आणि टोकन परत पर्समध्ये ठेवलं. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला. तो हसून सांगत होता, पण आवाज जड होता. घरी त्याच्या बहिणीचं लग्न ठरलंय, हे मला ठाऊक होतं.

मी त्याला ताट वाढलं. काय बोलावं सुचेना. खरं बोलून केलेल्या सौद्यात बरकत असते, असं आपण मुलांना शिकवतो. सौदाच मोडतो तेव्हा ती बरकत कुठे शोधायची? जेवता जेवता तोच म्हणाला, "त्या बाईंनी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला."

तो अजून त्याच ऑफिसात आहे. त्या बाईंसाठी तळमजल्यावरचं, कोरड्या भिंतींचं घर शोधतोय. कागद आधी मला दाखवणार आहे. इन्शाअल्लाह, मिळेल.