इजा कुठे असते?

अपघातग्रस्त उपकरण तपासणीला येतं, तेव्हा सोबतच्या कागदावर कारण बहुधा आधीच लिहिलेलं असतं: ‘वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा’. हा रकाना मी शेवटी वाचतो. निष्काळजीपणाने कातडी भाजत नाही, भाजते ती उष्णतेने.

मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९६१ मध्ये मांडलं, की इजा होते ती कुठल्या ना कुठल्या ऊर्जेमुळेच. आमचा धंदा याच विचारावर उभा आहे. ऊर्जेचा उगम, तिची वाट आणि शरीर, हे तिन्ही जुळले आणि शरीराला झेपेल त्याहून जास्त ऊर्जा पोचली, की इजा. यातली वाट तोडणं आमच्या हातात असतं.

संगणकासारख्या उपकरणांच्या जुन्या आयईसी ६०९५० मानकात, ओझरता हात लागेल अशा धातूच्या भागाला ७० अंशांची मर्यादा होती, प्लास्टिकला मात्र ९५. नवख्यांना ही प्लास्टिकला दिलेली सवलत वाटते. पण धातू त्याच क्षणात कितीतरी जास्त उष्णता हातात उतरवतो.

विजेचं गणित याहून चमत्कारिक. अर्ध्या मिलिअँपिअरने शरीराला काही होत नाही, तरी मर्यादा तिथेच घातलेली, कारण त्यापुढे माणूस दचकू शकतो. स्टुलावर चढलेला माणूस दचकून पडला, तर हाड मोडतं ते उंचीमुळे. दहा मिलिअँपिअरच्या आसपास उलटंच होतं: स्नायू आखडतात, हात सुटत नाही आणि झटक्याचा वेळ वाढत जातो.

हे सगळे आकडे हाताबोटांचे. तीन व्होल्टचा लिथियमचा बटण सेल या हिशेबात अगदी निरुपद्रवी ठरतो, तळहातावर दिवसभर ठेवा. तोच बाळाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलसर ऊतीतून प्रवाह वाहतो, ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल जखम होऊ शकते. सेल तोच, व्होल्ट तेच; बदलली ती वाट आणि शरीराची जागा. म्हणून उपकरणावर शिक्का मारताना त्याला कोण हात लावणार, हे आधी विचारावं लागतं. बाळाला ‘सांभाळून वापर’ असं सांगता येत नाही.

म्हणूनच अशा सेलचं झाकण हत्याराशिवाय उघडू नये, किंवा त्यासाठी दोन वेगळ्या हालचाली एकाच वेळी कराव्या लागाव्यात, असा नियम आला. सेल बदलताना स्क्रू-ड्रायव्हर शोधावा लागतो म्हणून आईबाप वैतागतात. खुशाल वैतागू देत. तो स्क्रू आईबापांसाठी नाहीच.