बाजू पालटताना

आमच्या वेळी संशोधनासाठीची गटचर्चा पोस्टकार्डावर ठरायची. ग्रामसेवकांना किंवा अंगणवाडीच्या ताईंना आठवडाभर आधी कार्ड टाकायचं : ‘गुरुवारी दुपारी येत आहोत, आठ-दहा बायका जमवाव्यात.’ पुष्कळदा कार्डाच्या आधी आम्हीच पोचायचो. बायका खुरपणीला गेलेल्या असायच्या. मग त्या परतेपर्यंत अंगणवाडीच्या ओट्यावर बसून राहायचं.

आता व्हॉट्सॲपवर निरोप जातो. आशाताई यादी पाठवतात, त्या यादीतून वय, शिक्षण, मुलं किती हे पाहून आठ जणी निवडल्या जातात आणि ठरल्या वेळी चर्चा सुरू होते. ताटकळणं संपलं, हे चांगलंच झालं. पण कोणाची विहीर आटली, कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोण कोणाशी बोलत नाही, हे आम्हाला त्या ओट्यावरच कळायचं. त्यासाठी प्रश्नावलीत जागा नव्हती आणि विचारलं असतं तर कोणी सांगितलंही नसतं.

आठ जणी मागितल्या की पंचवीस यायच्या. सतरंजीवर पुढे सरपंचांच्या सौभाग्यवती, दारात सासवा, खिडकीत पोरं. गटात सहा ते दहा माणसं असावीत, ती शक्यतो सारख्या परिस्थितीतली असावीत, असं आमच्या झेरॉक्स नोट्समध्ये लिहिलेलं होतं; सतरंजीला ते ठाऊक नव्हतं. सरपंचबाई बोलायच्या, बाकीच्या माना डोलवायच्या आणि आम्ही अहवालात ‘सर्व महिलांचे एकमत’ असं लिहून मोकळे व्हायचो. चर्चा देवळात ठेवली की काही बायका पायरीपाशीच उभ्या राहायच्या. समाजमंदिरात ठेवली की वरच्या आळीतल्या फिरकायच्याही नाहीत. संमती म्हणाल तर ‘टेप लावू का?’ हा प्रश्न टेपवरच रेकॉर्ड झालेला असायचा.

आज सासवांची चर्चा वेगळी होते, सुनांची वेगळी आणि वस्तीतली चर्चा वस्तीतच होते. संमतीपत्रक वाचून दाखवतात, मधूनच उठून जायची मुभा आहे हे सांगतात, बुडालेल्या मजुरीचे पैसे देतात. आम्ही पार्ले-जीचा पुडा फोडायचो आणि त्याला ‘सहभागींशी जिव्हाळा’ म्हणायचो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017च्या नीतिनियमांत आरोग्याविषयीच्या सामाजिक संशोधनाचाही विचार आहे. आमच्या काही चर्चा आज कुठल्या नैतिकता समितीपुढे ठेवल्या, तर चहा यायच्या आत फेटाळल्या जातील. जायलाच हव्यात.

तरीही टेपरेकॉर्डरची आठवण निघाली की आमचा आवाज बदलतो. जुने सेल आदल्या दिवशी उन्हात ठेवायचे. कॅसेटवर गाव आणि तारीख लिहायची. पहिली पाच मिनिटं रेकॉर्ड करून सगळ्यांना ऐकवायची. स्वतःचा आवाज पहिल्यांदाच ऐकणारी एखादी बाई पदरात तोंड लपवायची, ‘अगं बाई, मी अशी बोलते?’ म्हणायची आणि खोलीभर हशा पिकायचा. तिथून खरी चर्चा सुरू व्हायची. चर्चा संपली की कॅसेटच्या पाठीवरचे दोन इवले तुकडे मोडून टाकायचे. नाहीतर त्याच टेपवर कोणीतरी घरी भावगीतं भरायचं.

आता टेबलावर मोबाइल उपडा पडलेला असतो. त्याला सेल नको, ऊन नको आणि स्वतःच्या आवाजाचं तर कोणालाच नवल नाही. रोज दहा व्हॉइस मेसेज पाठवणारी बाई कशाला लाजेल? मोबाइल तासन् तास न थांबता ऐकतो. आमचं यंत्र अर्ध्या तासाने खट्‌कन थांबायचं. कॅसेटची बाजू पालटायची म्हणून चर्चा थांबायची, कोणी पोराला पाजायला घ्यायचं, कोणी पाय मोकळे करायचं. नेमकी तेव्हाच कोपऱ्यातली, तोवर गप्प बसलेली बाई हळूच म्हणायची, ‘ताई, ह्या म्हणतात तसं नसतं काही.’ आमच्या अभ्यासातलं सगळ्यात मोलाचं कितीतरी असं दोन बाजूंच्या मध्ये सापडलं. यंत्र बंद असताना सांगितलेलं वहीत उतरवणं रास्त होतं का? आजच्या संशोधक मुली हा प्रश्न विचारतात. आम्हाला तो तेव्हा पडला नव्हता.

टेप उतरवणं हा तर सोसण्याचाच प्रकार. तासाभराच्या चर्चेला सहा-आठ तास लागायचे. मागे न्या, थांबवा, लिहा, पुन्हा मागे न्या. कंसात नोंदी करायच्या : हशा, दोघी एकदम, पोर रडतं, बराच वेळ कोणी बोलत नाही. मग कागद कापायचे, रंगीत पेनांनी खुणा करायच्या, जमिनीवर विषयवार ढीग लावायचे आणि पंखा बंद करून उकाड्यात बसायचं. आता सॉफ्टवेअर काही मिनिटांत मजकूर हातात देतं. त्याला वऱ्हाडी कळत नाही, दोघी एकदम बोलल्या की ते गोंधळतं आणि शांतता तर ते गाळूनच टाकतं. 2020नंतर चर्चा झूमवर आल्या, तेव्हा सगळ्या जणी एकेक करून शिस्तीत बोलू लागल्या. एकीचं वाक्य दुसरीने तोडायचं, तिसरीने ते भलतीकडे न्यायचं, ह्यासाठीच तर गट बसवायचा असतो. नाहीतर आठ वेगळ्या मुलाखती काय वाईट?

पण यंत्राच्या नावाने गळा काढायचा आम्हाला हक्क नाही. ही पद्धत जन्मली तीच बटणांच्या संगतीत. 1941मध्ये न्यूयॉर्कमध्ये समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांना एका रेडिओ स्टुडिओत नेलं. तिथे श्रोते कार्यक्रम ऐकता ऐकता आवडलं तर हिरवं आणि खटकलं तर लाल बटण दाबत होते. ते बटण का दाबलं हे त्यांना नीट कसं विचारावं, ह्या विचारातून पुढचं सगळं उभं राहिलं. गटातून सुचतं ते गृहीतक असतं, सिद्ध झालेला निष्कर्ष नव्हे, असं मर्टन यांनी 1987मध्ये लिहिलं. आम्ही ते नोट्समध्ये अधोरेखित केलं आणि अहवालात विसरलो.

मग आम्ही नेमकं कशाला चुकचुकतो? चर्चेच्या आतलं बहुतेक सगळं सुधारलं. तिच्या अवतीभवतीचा वेळ मात्र गेला. आजच्या अंदाजपत्रकात सॉफ्टवेअरला रक्कम असते, मानधनाला असते. ओट्यावर बसायच्या दुपारीला नसते. अर्थात ती तेव्हाही नव्हती. पुढची एसटी संध्याकाळी असायची, म्हणून आम्ही बसायचो आणि मग त्याला पद्धत म्हणायचो.

ह्या विषयावर आमच्या पिढीचीच गटचर्चा घ्यावी, अशी एक सूचना आहे. समवयस्क, सारख्या परिस्थितीतली, भरपूर बोलणारी आठ माणसं सहज मिळतील. जुनं बरं होतं, ह्यावर सगळ्यांचं एकमत होईल. एवढं एकमत दिसलं की पुढे कोण बसलंय ते आधी पाहावं, हे नव्या मुलींना आम्ही वर्गात शिकवलं आहे. त्या पाहतीलच.