अक्षरांचा बँडमास्तर

माणसांप्रमाणे अक्षरांनाही स्वभाव असतो, असे माझे मत आहे. काही अक्षरे धुतलेल्या धोतरासारखी साधी, काही हेडक्लार्कासारखी ताठ. आणि काही मात्र वरातीपुढे चालणाऱ्या बँडमास्तरासारखी! खांद्यावर झुपके, छातीवर सोनेरी दोरे, टोपीत तुरा. ‘अल्जेरियन’ हा इंग्रजी टाइप या शेवटच्या जातीचा. आमच्या रामदासपेठेत सकाळी फिरायला निघालो की तो मला एखाद्या डॉक्टरांच्या पाटीवर किंवा बंगल्याच्या फाटकावर भेटतो. आणि कॉलेजात पोचावे, तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवहीवर स्वारी आधीच हजर!

नावावरून हे गृहस्थ आफ्रिकेतले वाटतील. पण जन्म इंग्लंडातला. शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या टाइप ओतणाऱ्या कारखान्याने १९०८ च्या सुमारास तो बाजारात आणला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसबरोबर तो घरोघरच्या संगणकात येऊन बसला. अक्षरांच्या टोकांना अणकुचीदार शेपट्या (टाइपवाले त्यांना सेरिफ म्हणतात), अंगालगत सावली, आणि सगळी अक्षरे कॅपिटल. म्हणजे वरातीत वऱ्हाडी कुणी नाहीच, सगळेच बँडमास्तर! एखादा शब्द असला तर शोभा. चार ओळी झाल्या की डोळ्यांपुढे नुसता गलका.

आपल्या देवनागरीत अक्षरांचा असा लहानमोठा भेद नाही. तिरक्या कापलेल्या बोरूने जो जाडबारीकपणा येतो, तोच तिचा दागिना. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्या टाइपातले जुने पुस्तक उघडले की डोळा मजकुरात शिरतो. अक्षरे सुंदर होती, हे पुस्तक मिटल्यावर आठवते. वर्गात अलंकार शिकवताना मी हाच दाखला देतो.

मागच्या वर्षी माझ्या मामाच्या तेरवीचे पत्र आले. मामेभाऊ परदेशात, म्हणून मजकूर इंग्रजीत. आणि वरपासून खालपर्यंत अल्जेरियन! दुःखाच्या घरी बँड वाजावा, तसे मला झाले. उभा जन्म कचेरीत इतरांची नावे टिपण्यात गेलेला तो माणूस! आईने ते पत्र हातात घेतले, शाळेतल्या इंग्रजीच्या बळावर नाव लावले, त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, “लग्नपत्रिकेनंतर दादाचं नाव इतक्या थाटात पहिल्यांदाच छापून आलं रे.”

मी काय बोलणार?

क्षणभराने तिनेच पत्र माझ्यापुढे धरले. “पुढचं मात्र काही लागत नाही बघ. कुठे आहे, किती वाजता?”

मला वाटते, या दोन वाक्यांत त्या टाइपाचे सारे शास्त्र आले. नाव हा माणसाचा सण आहे. त्याला झालर लावावी, तुरा खोचावा. वेळ आणि पत्ता हा निरोप आहे. तो साध्या कपड्यांतच यावा. बँडमास्तराने दारापर्यंत वाजतगाजत खुशाल यावे. पाहुण्याच्या हातावर पाणी घालायला मात्र घरचेच माणूस लागते.