व्हिटबीच्या कड्यावरचं बिऱ्हाड

यॉर्कशायरमध्ये वाढलेल्या आम्हा मराठी मुलांच्या वाट्याला उन्हाळ्यात मामाचं गाव फारसं आलंच नाही. सत्तरच्या दशकात विमानाचं तिकीट निघायचं ते एखाद्या लग्नकार्याला. एरवी लीड्स, ब्रॅडफर्डकडची दोन-तीन घरं मिळून आठवडाभर समुद्रावर जायची. कुणाचे बाबा इस्पितळात, कुणाचे कापडगिरणीत. आमचा समुद्र व्हिटबीचा.

ठरवाठरवी मात्र संक्रांतीच्या सुमारासच सुरू व्हायची. कॅरॅव्हॅन पार्कची माहितीपत्रकं टपालानं मागवलेली असत. जेवणं आटोपली की ती टेबलावर पसरली जात. गाडीमागे ओढत न्यायच्या कॅरॅव्हॅन वेगळ्या. आमच्या होत्या त्या जागेवरच कायम उभ्या असलेल्या, शनिवार ते शनिवार भाड्यानं मिळणाऱ्या. बाबा-काका भाडं आणि गावापासूनचं अंतर बघत. आई आणि मावशीचे प्रश्न निराळे. शेगडीला बर्नर किती? पाणी आत येतं की बाहेरच्या नळावरून भरून आणायचं? संडास किती लांब? रात्री पावसात लहान मुलाला घेऊन तिथवर जावं लागे, म्हणून या प्रश्नाला सगळ्यात जास्त वजन होतं. तेव्हाच्या साध्या कॅरॅव्हॅनमध्ये संडास नसे, आणि आंघोळीचं गरम पाणी नाणं टाकल्यावर यायचं.

खोल्या भाड्यानं देणारी घरं समुद्रकाठी पुष्कळ होती. पण तिथे स्वयंपाकाला मज्जाव. बाहेर खावं तर यॉर्कशायरची रीत अशी, की मासे आणि चिप्स गोमांसाच्या चरबीत तळायचे. म्हणजे ज्या घरात गोमांस चालत नव्हतं, त्यांना नुसते बटाटेही वर्ज्य. आमच्या आयांनी कॅरॅव्हॅनच निवडली ती या शेगडीसाठी, हौसेसाठी नव्हे. शिवाय, पत्राखालचं नाव वाचून 'जागा शिल्लक नाही' असं उत्तर आल्याचे अनुभव वडीलधाऱ्यांच्या गाठीशी होते. घरं आणि सेवा देताना वर्णावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा 1968 साली झाला. त्यानंतरही पत्र लिहिताना बाबांचा हात जरा थबकायचा. म्हणून एकदा जिथे नीट वागवलं गेलं, तोच पार्क वर्षानुवर्षं धरून ठेवला जाई.

व्हिटबीला जाताना पिकरिंग सोडलं की रस्ता उघड्या माळावर चढायचा. ऑगस्टात हेदर फुलून सगळं जांभळं. तिथेच फायलिंगडेल्सचे तीन प्रचंड पांढरे गोल दिसत. क्षेपणास्त्रांची आगाऊ सूचना देणारं ते रडार; मुलांच्या लेखी गोल्फचे चेंडू. आधी कुणाला दिसले यावरून मागच्या सीटवर मारामारी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते गेले.

पार्कांचे दोन पर्याय होते. पश्चिमेला सँड्सएंडच्या बाजूला सरळ वाळू, लहान मुलांना सोपं. पूर्वेला सॉल्टविकचा कडा. तिथे वारा असा, की वाळत घातलेली साडी दोघींनी धरावी लागे, आणि धुकं उतरलं की जवळचा भोंगा रात्रभर हंबरायचा. गावातले लोक त्याला 'हॉस्कर बुल' म्हणत. तरी माझं मत पूर्वेच्याच बाजूनं आहे. कड्यावरून साधारण मैलभर चाललं की समोर मठाचे भग्नावशेष, शेजारी सेंट मेरीचं चर्च, आणि खाली गावात उतरणाऱ्या 199 पायऱ्या. भारतातून आलेल्या आजीला चढताना बाकांवर टेकत टेकत यावं लागे. पूर्वी शवपेटी वर नेणारे तिथे ओझं टेकवून विसावत, हे तिला कुणी सांगितलं नाही.

बाबांना त्या मठाचं फार वेड. सेंट हिल्डानं 657 साली तो स्थापला. आज उभे आहेत ते अवशेष बऱ्याच नंतरच्या इमारतीचे. 664 साली इथे धर्मसभा भरली, कारण राजा एका गणनेनं ईस्टरचा सण करी, तर राणी दुसऱ्या गणनेनं अजून उपासात असे. आई म्हणाली, म्हणजे स्मार्त आणि भागवत एकादशीसारखंच की. सभेनं रोमची गणना स्वीकारली, हे मला शाळेच्या आधी आईच्या एकादशीमुळे कळलं.

आणि तो बांगडा! धक्क्यावर सकाळी ताजा मॅकरेल मिळायचा. रत्नागिरीकडची मावशी तो हातात घेऊन डोळे, कल्ले बघायची. तिथला बांगडा आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचा, पाठीवर नागमोडी पट्टे असलेला. पण तिखलं व्हायचं तसंच. आमसुलं आणि मसाला घरून आणलेले असत. कॅरॅव्हॅनच्या सगळ्या खिडक्या उघडून, कुकरच्या शिट्ट्या होत असताना ती ते शिजवायची, आणि शेजारच्या कॅरॅव्हॅनमधली बाई दाराशी येऊन विचारायची, काय शिजतंय? वाटीभर दिलं की दुसऱ्या दिवशी वाटीतून केक यायचा. माणसं जोडायचं काम या वाटीनं केलं.

ओहोटीला मुलं किनाऱ्यावर गुंडाळीचे दगड शोधत. ते अमोनाइटचे जीवाश्म. हिल्डानं सापांचे दगड केले, अशी तिथली आख्यायिका. गावाच्या बोधचिन्हावरही ते तीन आहेत. आजीनं पहिला दगड हातात घेतला आणि पदरानं पुसला. गंडकीतला शाळिग्राम हाही अमोनाइटच. तो व्हिटबीचा दगड लीड्सच्या देव्हाऱ्यात गेला आणि रोज त्याच्यावर तुळशीचं पान पडू लागलं. तुळस कुंडीतली, खिडकीत जगवलेली.

आता पार्कांत पोहण्याचे तलाव आहेत, कॅरॅव्हॅनमध्ये न्हाणीघर आणि हीटर आहेत. सोय वाढली याचा मला आनंदच आहे. ज्यांनी तेव्हा त्या पत्रकांवर पेन्सिलीनं खुणा केल्या, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरी अशा सुट्ट्यांचे फोटो असतील, तर त्यांना शेजारी बसवून प्रत्येक फोटोमागे गाव, साल आणि माणसांची नावं लिहून घ्या. हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका.