मेजावरची कुसळे



मागच्या नाताळाआधी आमच्या बाजारहत्नूरच्या प्रार्थनागृहातील प्रभुभोजनाच्या सागवानी मेजाला व्हार्निश लावायचे काम मी अंगावर घेतले. संध्याकाळी शेवटचा हात दिला, कुलूप लावले आणि खुशीत घरी गेलो. सकाळी मेजावरून तळवा फिरवला तर रवा सांडल्यासारखी खरखर.

झाडलोट करणाऱ्या अक्का दारातच होत्या. "झाडू नका म्हणून सांगितलं होतं ना!" मी चार माणसांदेखत ओरडलो. त्या काही बोलल्या नाहीत. झाडू कोपऱ्यात ठेवून निघून गेल्या.

दुपारी सुतारकाका आले. मेजाकडे बघण्याआधी त्यांनी माझा ब्रश मागितला. केस वाकवले तर मुळाशी वाळलेल्या जुन्या व्हार्निशचे कण झडले. डब्यावर धरलेली साय मी गाळली नव्हती, ढवळून आत मिसळली होती. मग काकांनी वाकून मेजावरचा एक तंतू दाखवला. आमच्याकडे डिसेंबरात कापूस उडतो खरा, पण हा तंतू निळा होता. माझा स्वेटर निळाच आहे. आणि प्रार्थनागृहाची किल्ली रात्रभर माझ्याच खिशात होती.

डोळ्यातील कुसळ आणि मुसळ यांवर मी संडे स्कूलमध्ये कितीदा तरी शिकवले आहे. मूळ ग्रीकमध्ये एक शब्द काडी-कुसळाचा आणि दुसरा घराच्या तुळईचा आहे. म्हणजे दोन्ही सुताराच्या ओळखीच्या वस्तू. मार्काच्या शुभवर्तमानात लोक येशूला सुतारच म्हणतात. दुसऱ्या शतकातील जस्टिन लिहितो की तो नांगर आणि जू बनवत असे. हे सगळे मला तोंडपाठ होते!

मी लगेच कण खरवडायला निघालो तर काकांनी हात धरला. ओले व्हार्निश घासले की ते कागदाला चिकटते आणि खड्डे पडतात. दोन दिवस कडक होऊ दे, मग ४०० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरव. कण तेवढे उतरले पाहिजेत, लाकूड उघडे पडता कामा नये. पुसून, वाळवून, गाळलेल्या व्हार्निशचा पातळ हात दे. पंखा बंद.

ते दोन दिवस मला फार जड गेले. मेज वाळेपर्यंत थांबणे भागच होते. अक्कांकडे जायला मात्र कशाचीच वाट पाहायची नव्हती, तरी मी थांबलो. रविवारी उपासनेनंतर त्याच चौघांसमोर म्हणालो, "अक्का, चूक माझी होती. ब्रश माझा घाण होता."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. "पुढचा हात कधी देणार?"

"आज संध्याकाळी."

"मग मी चारला येते. आधी जमिनीवर पाणी शिंपडू, धूळ बसू दे. आणि तो स्वेटर घरी ठेवून या."